साडेआठशेचा कोट, सव्वातीन हजारांचं बिल: इंग्लंडमध्ये पहिलं घर घेताना सॉलिसिटरची फी वाढते कुठे?

किल्ल्या मिळायला नऊ दिवस उरले होते. रेडिंगच्या भाड्याच्या घरात आम्ही खोकी बांधत होतो आणि सॉलिसिटरची, म्हणजे घरखरेदीचं काम बघणाऱ्या आमच्या वकिलाची, मेल आली: 'कम्प्लिशन स्टेटमेंट', म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याआधीचा शेवटचा हिशेब. नवऱ्याने आकडा मोठ्याने वाचला आणि पुन्हा एकदा हळू वाचला. सुरुवातीला मिळालेल्या कोटवर, म्हणजे फीच्या लेखी अंदाजावर, ठळक अक्षरांत ८५० पाउंड लिहिलेले होते. आता सॉलिसिटरच्या खात्यावर सगळं मिळून ३,२७८ निघाले होते.

पहिली शंका अर्थातच 'आपल्याला फसवलं' हीच आली. मग ते बिल घेऊन बसले, ओळ न् ओळ तपासली, कायदा वाचला आणि चित्र बदललं. थोडी लबाडी होती, पण बरंचसं आमचंच अज्ञान होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने घरखरेदीची पद्धत सुधारण्याचे प्रस्ताव मांडले, विक्रेत्याने घराची माहिती जाहिरातीच्या वेळीच द्यावी वगैरे. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये हा विषय सारखा निघतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते. हे इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडची रीत वेगळी.

सॉलिसिटर नेमकं करतो काय?

आपल्याकडे फ्लॅट घेताना वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, करारनामा होतो, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते आणि इंडेक्स टू हातात पडतो. इथे हे सगळं काम एकाच माणसाकडे असतं. मालकी तपासणं, विक्रेत्याला प्रश्न विचारणं, बँकेचं कर्ज आणि तुमची जमापुंजी आपल्या खात्यात घेऊन ऐन दिवशी समोरच्याला पोचवणं, स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरणं, लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव लावणं. या कामाला कन्व्हेयन्सिंग म्हणतात. ते सॉलिसिटर करतो किंवा फक्त याच कामाचा परवाना असलेला लायसन्स्ड कन्व्हेयन्सर. दोघांच्या नियामक संस्था वेगळ्या, काम तेच.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. बहुतेक वेळा तोच सॉलिसिटर तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेचाही वकील असतो. बँकेच्या अटींचं एक जाडजूड हँडबुक असतं आणि त्यातली प्रत्येक अट पाळली गेली हे त्याला बँकेला कळवावं लागतं. म्हणजे फी तुम्ही भरता, पण तो दोन मालकांची चाकरी करत असतो.

शिलाई, अस्तर आणि गळ्याची नक्षी

ब्लाऊज शिवायला टाकताना शिंपी म्हणतो, "शिलाई चारशे." घ्यायला गेलात की सहाशे ऐंशी होतात. चारशे साध्या ब्लाऊजचे होते. अस्तर त्याने तुमच्यासाठी बाजारातून आणलं, ते वेगळं. मागे नाड्या आणि लटकन हवे म्हणालात, ते वेगळं. साडीला फॉल-पिको, तेही वेगळं. कोणी खोटं बोललेलं नसतं, पण 'चारशे' हा आकडा डोक्यात बसलेला असतो.

सॉलिसिटरच्या बिलाचेही असेच तीन थर असतात. पहिला त्याची स्वतःची फी, म्हणजे शिलाई. दुसरा डिसबर्समेंट, म्हणजे त्याने तुमच्या वतीने तिसऱ्याला दिलेले पैसे. यात नगरपालिकेकडचा सर्च, पाणी आणि सांडपाण्याचा सर्च, पर्यावरणाचा सर्च, लँड रजिस्ट्रीची फी. हे अस्तर. तिसरा थर म्हणजे जादा कामाची फी, ज्याला इथे 'सप्लिमेंट' म्हणतात. ही गळ्याची नक्षी.

शिलाई आणि नक्षीवर २० टक्के व्हॅट लागतो. डिसबर्समेंटवर लागत नाही असं लोक सांगतात. लँड रजिस्ट्रीच्या फीबाबत ते बरोबर आहे, पण सर्चवर बहुतेक फर्म आता व्हॅट लावतात, आणि तेही नियमाला धरूनच असतं. जाहिरातीतला मोठा आकडा जवळजवळ नेहमी पहिल्या थराचा असतो, तोही व्हॅट सोडून.

आमचं बिल, ओळीओळीने

मूळ फी ८५०. घर लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या हक्काचं, असल्याबद्दल २५०. इमारत उंच असल्याबद्दल ३००. बँकेचं काम बघितल्याबद्दल १५०. सांगलीहून बाबांनी आणि नाशिकहून सासऱ्यांनी पैशांची मदत केली, त्या दोन भेट रकमा तपासण्याचे दीडशे. आमच्या दोघांच्या लाइफटाइम आयसाचे, म्हणजे सरकारी बोनस मिळणाऱ्या बचत खात्यांचे, शंभर. स्टॅम्प ड्यूटीच्या फॉर्मचे ९०. पैसे बँकेतून पाठवण्याचे दोन वेळचे ७०. ओळख पडताळणीचे ३०. बेरीज १,९९०. त्यावर व्हॅट ३९८, झाले २,३८८. उरलेले ८९० डिसबर्समेंटचे.

यातल्या प्रत्येक ओळीवर सारखाच राग काढण्यात अर्थ नाही. लाइफटाइम आयसाचंच बघा. सरकार वर्षाला ४,००० पाउंडांपर्यंतच्या बचतीवर २५ टक्के बोनस देतं, घर साडेचार लाख पाउंडांच्या आत असलं तर. पण ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत, थेट सॉलिसिटरकडे जातात. त्याला खातं सांभाळणाऱ्या संस्थेला लेखी हमी द्यावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत व्यवहार झाला नाही तर पैसे परत पाठवावे लागतात. हजारो पाउंडांच्या बोनसपुढे पन्नास पाउंड मला जाचले नाहीत.

बँकेतून पैसे पाठवायचे ३५ मात्र जाचले. त्याच दिवशी पैसे पोचवणाऱ्या पद्धतीला इथे चॅप्स म्हणतात. बँक फर्मकडून घेते त्यापेक्षा हे बहुतेक ठिकाणी बरंच जास्त असतं. म्हणूनच ती रक्कम डिसबर्समेंटमध्ये न दाखवता फीमध्ये दाखवतात आणि तिच्यावर व्हॅट लागतो. बेकायदा नाही. पण स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरल्याशिवाय आणि पैसे पाठवल्याशिवाय घर घेताच येत नसेल, तर ते 'जादा' काम कसं? शिंप्याने दोऱ्याचे पैसे वेगळे लावावेत तसं हे.

जाता जाता एक सांगते: "आमच्या बँकेचा तपशील बदलला आहे, या नव्या खात्यात पैसे भरा" अशी मेल आली तर ती सॉलिसिटरची नसते. भामट्यांची ही इथली जुनी युक्ती आहे. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा, मेलमधल्या नंबरवर नव्हे.

बाबांच्या पैशांना फी कशाला?

आमच्या घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा याच ओळीवर झाला.

ब्रिटनच्या २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांनुसार घराला लागणारा पैसा आला कुठून हे सॉलिसिटरला तपासावंच लागतं. पैसा तुमच्या पगारातून साठलेला असेल तर बँक स्टेटमेंट आणि पगाराच्या स्लिपा पुरतात. पण दुसऱ्याने भेट दिला असेल, तर भेट देणाऱ्याची ओळख, त्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याच्याकडे तो पैसा कसा आला इथपर्यंत मागे जावं लागतं. शिवाय बँकेला एक लेखी पत्र हवं असतं: ही भेट आहे, उसने नाहीत, आणि या घरावर माझा हक्क राहणार नाही. भेट परदेशातून येत असेल तर प्रश्न आणखी वाढतात. म्हणून प्रत्येक दात्यामागे वेगळी फी.

बाबांनी सांगलीचा प्लॉट विकून पैसे दिले होते. सॉलिसिटरने पुरावा मागितला. बाबांनी खरेदीखत स्कॅन करून पाठवलं, वर सातबाराही जोडला, कारण त्यांच्या मते सातबाऱ्यापेक्षा मोठा पुरावा जगात नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं: कागद इंग्रजीत नाहीत, अधिकृत भाषांतर पाठवा.

"मी काय चोरीचे पैसे पाठवतोय का?" बाबा फोनवर म्हणाले.

"बाबा, तुम्ही नाही हो. पण त्यांना प्रत्येकाला हेच विचारावं लागतं. इथल्या गोऱ्या बापालाही."

"मग त्या गोऱ्या बापाचा सातबारा बघितला का त्यांनी?"

भाषांतराला वेळ गेला, पैसे गेले आणि बाबांचा रुसवा गणपतीपर्यंत टिकला. हे आधी माहीत असतं तर मी दोन महिने अगोदरच भाषांतर करून ठेवलं असतं. भारतातून पैसे पाठवण्याची स्वतःची गणितंही लक्षात घ्या. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून भेटीसारख्या कारणासाठी वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के कर बँक आधीच कापून घेते. तो पाठवणाऱ्याला विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. ऐन वेळी डिपॉझिट कमी पडायचं हेही एक कारण.

फ्लॅट म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचं घर

इंग्लंडमध्ये बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डर नावाच्या मालकाची. तुम्ही घेता तो ठरावीक वर्षांचा हक्क. आपल्या सहकारी सोसायटीत फ्लॅटधारक मिळून मालक असतात. इथे मालक एखादी कंपनी असते, जिचं तोंड तुम्ही कधी बघत नाही. त्यामुळे सॉलिसिटरला पन्नास-साठ पानांची लीज वाचावी लागते, देखभालीचे तीन वर्षांचे हिशेब बघावे लागतात, आणि व्यवस्थापन बघणाऱ्या एजंटच्या उत्तरांची वाट बघत बसावं लागतं. हा झाला सप्लिमेंट.

व्यवहार झाला की नवा मालक कोण ते फ्रीहोल्डरला कळवायचं, कर्ज कोणाचं तेही कळवायचं, आणि लीजमधल्या अटी पाळीन असा करार करून द्यायचा. तिन्हींची फी फ्रीहोल्डर किंवा त्याचा एजंट ठरवतो. सोसायटीच्या ट्रान्सफर फीसारखंच, फक्त महाराष्ट्रात ट्रान्सफर प्रीमियमला २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, इथे तसा ठरलेला आकडा नाही. आमच्याकडून तिन्ही मिळून ३७२ पाउंड घेतले. सॉलिसिटरला यातलं काही मिळत नाही, आणि एजंटने आकडा सांगेपर्यंत त्यालाही तो माहीत नसतो. हा खर्च खरोखरच आधी कळत नाही. मात्र इमारतीच्या माहितीचा जो संच एजंट देतो, त्याचे पैसे प्रथेप्रमाणे विक्रेता भरतो. तो तुमच्या बिलात दिसला तर विचारा.

आणि ते उंच इमारतीचे तीनशे? जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. भिंतीवर बाहेरून चढवलेलं आवरण पेटत गेलं होतं. त्यानंतर २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आला. ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतीत धोकादायक बांधकाम दुरुस्त करायचा खर्च फ्लॅटधारकावर किती पडेल, हे १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्लॅट कोणाकडे आणि कशा स्थितीत होता यावर बरंचसं ठरतं. त्यासाठी फ्रीहोल्डरचं आणि फ्लॅटधारकाचं अशी दोन प्रमाणपत्रं तपासावी लागतात. त्यात चूक झाली तर सॉलिसिटरवर दावा येऊ शकतो. काही फर्म म्हणूनच अशा इमारतींचं काम घेत नाहीत, बाकीच्या जादा फी लावतात. बिलातल्या सगळ्या ओळींपैकी ही मी सगळ्यात कमी कुरकुरत भरली.

"हे सगळं आधी सांगता येत नव्हतं का?"

बरंचसं येत होतं. नियामक संस्थेच्या नियमानुसार डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदीच्या कामाचे दर, अपेक्षित डिसबर्समेंट आणि व्हॅट आपल्या संकेतस्थळावर द्यावे लागतात. त्यांच्या आचारसंहितेत त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे: काम घेताना आणि पुढे काम बदलेल तसतसं, एकूण खर्च किती येईल याची शक्य तितकी चांगली माहिती ग्राहकाला द्यायची. एकदाच नव्हे, वेळोवेळी.

पण कोट कशावर बेतलेला असतो ते बघा. आमच्या टर्म्स ऑफ बिझनेसच्या चौथ्या पानावर बारीक टायपात एक परिच्छेद होता: हा कोट पुढील गोष्टी गृहीत धरून दिला आहे. घर फ्रीहोल्ड आहे, पैसा खरेदीदाराचा स्वतःचा आहे, मालकीहक्कात गुंतागुंत नाही. आमच्या बाबतीत पहिली दोन्ही गृहीतकं खोटी होती. कोटसाठी ऑनलाइन फॉर्म भरताना 'फ्रीहोल्ड की लीजहोल्ड' या प्रश्नाला मीच 'माहीत नाही' वर टिचकी मारली होती. भेटीच्या पैशांबद्दल त्यांनी विचारलं सहाव्या आठवड्यात, तेव्हा सांगितलं.

अनपेक्षित फी दोन जातींची असते. एक, काम सुरू झाल्यावरच कळणारी: एजंटच्या फिया, किंवा आधीच्या मालकाने परवानगी न घेता भिंत पाडली असं निघालं तर घ्यावा लागणारा इन्डेम्निटी विमा. हा विमा एकदाच भरायचा असतो आणि विक्रेत्याने भरावा असा आग्रह धरता येतो. दुसरी, पहिल्याच दिवशी कोणी तरी एक प्रश्न विचारला असता तर कळली असती अशी. आमच्या १,९९० मधले मूळ ८५० सोडले, तर उरलेले जवळजवळ सगळे दुसऱ्या जातीचे होते.

म्हणून कोट मागतानाच एका मेलमध्ये सगळं लिहून टाका: फ्लॅट आहे की घर, किती मजली इमारतीत, जुना की नवा, कर्ज कोणत्या बँकेचं, भेट कोण देणार आणि कुठल्या देशातून, आयसा किती. आणि शेवटी हे वाक्य: "वरील सर्व धरून, व्हॅट आणि डिसबर्समेंटसह, माझं एकूण बिल किती होईल?" याचं लेखी उत्तर आलं की तीन फर्मची तुलना खरी होते. त्याआधी शिंप्याच्या चारशेची दुसऱ्या शिंप्याच्या साडेतीनशेशी तुलना चाललेली असते.

मग स्वस्त कोट घ्यायचाच नाही का?

घ्या की, उत्तर आल्यावर. एस्टेट एजंटने सुचवलेल्या फर्मबाबत मात्र एक विचारा: तुम्ही एजंटला रेफरल फी, म्हणजे ग्राहक पाठवल्याची दलाली, देता का? देणं कायदेशीर आहे, पण सांगणं सक्तीचं आहे.

'नो कम्प्लिशन, नो फी' या शब्दांनीही हुरळून जाऊ नका. इंग्लंडमध्ये एक्सचेंज, म्हणजे करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. सगळं तोंडी ठरल्यावरही विक्रेता चार पैसे जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो. अशा वेळी फी माफ होते, पण काढलेल्या सर्चचे पैसे जातात ते जातातच.

पहिलं घर, पण कायद्याच्या लेखी पहिलं आहे का?

हे फीच्या विषयाबाहेरचं, पण मराठी माणसाला सगळ्यात महाग पडणारं. १ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३ लाख पाउंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी नाही, घर ५ लाखांच्या आत असेल तर. पण 'पहिल्यांदा' म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. पुण्यातला वन बीएचके मोजला जातो. वडिलांच्या मागे साताऱ्याच्या वाड्याला तीन भावंडांबरोबर नाव लागलं असेल, तर तेही मोजलं जातं. शेतजमीन नाही, राहतं घर. आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघांचंही पहिलं असावं लागतं.

आमच्या मित्राने हे सॉलिसिटरला सांगितलंच नव्हतं, कारण वाडा त्याला 'आपलं घर' वाटतच नव्हता. २,८५,००० च्या फ्लॅटवर शून्याऐवजी ४,२५० पाउंड भरावे लागले. परदेशातल्या घराचं किंवा त्यातल्या तुमच्या हिश्श्याचं मोल ४०,००० पाउंड किंवा अधिक असेल तर वर आणखी ५ टक्के अधिभार लागू शकतो, म्हणजे त्याच फ्लॅटवर १४,२५०. नुकत्याच वारशाने आलेल्या छोट्या हिश्श्याला काही सवलती आहेत, त्यासाठी तारखा घेऊन कर सल्लागाराकडे जा. सर्वसाधारण सॉलिसिटर त्याचा सल्ला देत नाही, आणि कर सल्लागाराचे पैसे पुन्हा वेगळे.

बिल आल्यावर

किल्ल्या अडतील या भीतीने लोक गपचूप भरतात. आम्हीही भरले. पण भरल्यावर तक्रार करता येते. आधी फर्मकडेच, लेखी; तिला उत्तराला आठ आठवडे मिळतात. समाधान झालं नाही तर फर्मच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत लीगल ओम्बड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या यंत्रणेकडे, फुकट. तिथे 'फार महाग आहे' हे चालत नाही. 'हे आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि तुम्हाला ते अमुक तारखेला माहीत होतं' हे चालतं.

आमच्याकडे अशी एक तारीख होती. एस्टेट एजंटने सौदा ठरल्यावर दोन्ही सॉलिसिटरना पाठवलेल्या कागदावर 'लीजहोल्ड' असं स्वच्छ छापलेलं होतं, दुसऱ्याच आठवड्यात. तरी पुढच्या नऊ आठवड्यांत फर्मने सुधारित कोट पाठवला नव्हता. भेटीच्या दीडशेंबद्दल मी काही बोलले नाही, ती चूक आमची. फक्त लीजहोल्डच्या अडीचशेंबद्दल एक पानाचं पत्र लिहिलं, दोन तारखा टाकल्या.

तीन आठवड्यांनी व्हॅटसकट ३०० पाउंड परत आले. सोबतच्या पत्रात 'गुडविल' हा शब्द दोनदा होता, 'चूक' हा एकदाही नव्हता. त्या तीनशेत हॉलचे पडदे आले.